जिजीचा खर्च

कारंज्याची भागिरथी मूर्तिजापूरच्या पलीकडे कधी गेली नव्हती. पण मुंबईत खोलीचं भाडं काय आणि नागपुरात संत्र्यांची टोपली केवढ्याला, हे तिला घरच्या पिठामिठासारखं माहीत होतं. तिचे दोन्ही धाकटे भाऊ बाहेरगावी होते. शिखरचंद मुंबईला रुईच्या दलालाच्या पेढीवर, कैलासचंद नागपूरला एका कापडदुकानात. दिवाळीला दोघे घरी आले, मंदिरात महावीराला लाडू चढवून झाला, की ओसरीवर बापासमोर बसत आणि आपापल्या शहराची बढाई मारत.

"मुंबईत नळ फिरवला का पाणी," शिखरचंद म्हणायचा. "दोर नाही, पोहरा नाही. तुमी इथं विहिरीवर हात सोलून घेता."

"तुही मुंबई तुले लखलाभ," कैलासचंद म्हणायचा. "एका खोलीत सारं बिऱ्हाड. आमच्या नागपुरात दोन खोल्या हायेत, मागं आंगन हाय. संत्री तं लोक मोजून घेतच नाहीत. शंभर रुपयात जो मुंबईत भिकारी, तो नागपुरात शेठ."

बाप हसायचा. भागिरथी आत जात्यावर बसून ऐकायची आणि तिलाही बरं वाटायचं. दोघांना तिनेच वाढवलं होतं; दोघे तिला जिजी म्हणत. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं, तेराव्या वर्षी ती पांढरं लुगडं नेसून बापाच्या घरी परत आली. आणि त्याच साली आई गेली. शिखरचंद तेव्हा पाच वर्षांचा आणि कैलासचंद रांगत होता. लोक म्हणाले, देवाने बरोबर वेळेला पोरगी परत पाठवली. भागिरथीलाही ते खरं वाटलं. आपण विधवा झालो ते भावांसाठी, असं ती मंदिरात बसून मनाशी म्हणायची, आणि त्यातच तिला समाधान होतं.

पुढे कैलासचंदची बायको प्रेमाबाई पहिल्या बाळंतपणात अंथरुणाला खिळली, तेव्हा तान्ही मुलगीही भागिरथीच्याच ओटीत आली. तिचं नाव सोनी. सहा वर्षं ती आत्याच्या कुशीत निजली. आत्याच्या हातची पातोडी असली म्हणजे तिला दुसरं काही नको. बेसनाच्या वड्या आणि वरून झणझणीत रस्सा. नाका-डोळ्यांतून पाणी वाहायचं, तरी पोर वाटी सोडायची नाही. मग शाळेचं वय झालं म्हणून तिला नागपूरला नेलं. आगगाडीत चढवताना पोरीने आत्याचा पदर इतका गच्च धरला की प्रेमाबाईला एकेक बोट सोडवावं लागलं.

त्या दिवसापासून भागिरथीने देवाजवळ एकच मागणं मागितलं. म्हातारपण सोनीजवळ जावं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या चौथ्या वर्षी, पौषात, बाप गेला. दोघे भाऊ आले. प्रेमाबाई आली, बरोबर सोनी आली. शिखरचंदची बायको मुंबईलाच राहिली. सुतकाचे दिवस सरले आणि भावांनी बापाचं दुकान व मागचं दोन खणांचं घर शेजारच्या सरकीवाल्याला देऊन टाकलं. चांगली किंमत आली. वाटणी करताना दोघांत एका शब्दाचाही वाद झाला नाही. वाटायची एक भागिरथी तेवढी राहिली.

संध्याकाळची जेवणं सूर्य मावळायच्या आत उरकली होती. दोघे भाऊ ओसरीवर बसले. भागिरथी दाराच्या आत भांडी पुसत होती.

"जिजीचं कसं करायचं?" कैलासचंदने विचारलं.

"तुह्याकडं जागा हाय," शिखरचंद म्हणाला. "दोन खोल्या, आंगन. तूच सांगे."

"सांगे तं खरं, पण ते लढाईच्या आधीचं. आता नागपूर पह्यलंसारखं नाही राह्यलं भाऊ. जळतन सोन्याच्या भावानं. घरमालकानं भाडं वाढवलं. संत्री तं मी दोन वर्षांत डोयानं पाह्यली नाहीत."

"अन् मुंबई सस्ती झाली काय? तुमच्याकडं निदान जळतन भेटते. आमी कोळशासाठी पहाटे रांगेत उभे राहतो. नळाले सकाळी घंटाभर पानी, तेबी करंगळीएवढं."

"घंटाभर तं घंटाभर, येते तं सही."

"तू ये एक महिना राहून पाह्य मुंबईत!"

"तू ये नागपुरात!"

भागिरथीचा हात थांबला. इतकी वर्षं ज्या दोन शहरांची थोरवी ती ऐकत होती, ती दोन्ही शहरं तिच्या डोळ्यांदेखत भिकेला लागली. मुंबईची चाळ पडायला आली, नागपूरचं अंगण आक्रसलं. जो हरेल त्याच्या पदरात ती पडणार होती आणि दोघेही जीव तोडून खेळत होते.

"जिजीच्या खान्याचं म्हनसील तं काही नाही," शिखरचंद म्हणाला. "पन तिचं शुद्धीचं पाह्य. गिरणीचं पीठ ती खात नाही. मुंबईत तिसऱ्या मजल्यावर जातं कुठं मांडू? खालचा मानूस वर येईन भांडाले. विहिरीचं पानी पायजे, गाळून झालं का कपड्यावरचे जीव त्याच विहिरीत परत सोडाले पायजे. नळात सोडू काय?"

"विहीर तं नागपुरातबी दूर हाय. पानक्या लावा लागन. तो फुकट येईन काय? अन् तूप. जिजीले भाकरीवर तूप लागते."

"ते तर मुंबईत औषधालेबी शुद्ध भेटत नाही."

भागिरथी उठली. तिने अंगावर पांघरूण घेतलं आणि मंदिर बंद व्हायच्या आत मंदिरात गेली.

जैनांच्या घरात त्यागाचे दोन प्रकार असतात, हे बापाने तिला लहानपणीच सांगितलं होतं. ठरावीक दिवसांपुरतं सोडलं तर तो नियम. मरेपर्यंत सोडलं तर तो यम. चातुर्मासात ती दरवर्षी काही ना काही सोडायची आणि कार्तिकात पुन्हा घ्यायची. पण भाऊ तिच्याच हाताखाली वाढलेले होते. नियम घेतला तर म्हणतील, दिवाळीनंतर जिजीला पुन्हा तूप लागेल. ती देवासमोर बसली, मूठभर तांदूळ वाहिले आणि तुपाचा यम घेतला.

घरी येऊन तिने ओसरीवर सांगितलं. मग कैलासचंद म्हणाला, "जिजी, कमाल केली तुमी. आपल्या बाबाजीच्या नावानं त्याग केला!"

"पानी मी उकळून पिईन," भागिरथी म्हणाली. "मंग विहीर नाही लागत. जातं माह्यं लहान हाय, अंगनात मावते."

अंगण म्हटलं म्हणजे नागपूर, हे तिला वाटलं कोणाच्या लक्षात येणार नाही. शिखरचंदच्या ताबडतोब लक्षात आलं.

"पाह्य, जिजीच्या मनात नागपूर हाय," तो हसून म्हणाला. "मी मधी काहून येऊ?"

कैलासचंदचं तोंड उतरलं. "पानी उकळाले जळतन लागत नाही काय?" तो म्हणाला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराबाई दूध घेऊन आली. ती मागच्या बोळातली कुणब्याची. तिच्या दोन म्हशी होत्या आणि तिची जीभ तिच्या म्हशींच्या शिंगांसारखी टोकदार. तुपाचं ऐकून तिने चरवी खाली ठेवली.

"काहून वं माय? देवाले दिलं असतं तं मी हात जोडले असते. भावाच्या भाकरीसाठी देवाले मधी काहून घेतलं?"

"देवालेच दिलं गोजरे."

"मंग देव इतकी वर्षं कारंज्यातच होता. रातोरात तूप मांगाले आला काय तो?" गोजराबाईने दूध मापलं. "पुरुषाच्या जातीले एक सोडलं का दुसरं दिसते. तू पाहत राह्य."

सोनी उठून आत्याच्या मांडीवर येऊन बसली. आठ वर्षांची झाली होती, दोन वेण्या घातलेल्या. भागिरथीने तिला पेल्यात दूध दिलं. सोनी प्यायली, ओठ पुसले आणि म्हणाली, "आत्या, तू आमच्या घरी आली तं माह्यं दूध अर्धं होईन."

"कोन म्हने?"

"आई. आई बाबाले म्हने, एका पेल्यात दोघी पिऊन राह्यल्या तं पोरगी वाळून जाईन." तिने पेल्याच्या तळाकडे पाहिलं. "पन तू ये. मी तुले थोडंसं देईन."

त्याच सकाळी भागिरथीने मंदिरात जाऊन दूध आणि दही सोडलं. दुधाबरोबर साखर-गूळही सोडला, एकदा तांदूळ वाहायचे ते सगळ्यांचेच वाहावेत म्हणून. परत येताना तिला वाटेत दोघी-तिघी बायकांनी वाकून नमस्कार केला. गल्लीत बातमी पोचली होती. कैलासचंदला लोक थांबवून म्हणत होते, काय पुण्यवान घर तुमचं. आणि कैलासचंद हात जोडून म्हणत होता, आमच्या जिजीचा जीव कशातच नाही.

दुपारी प्रेमाबाई चुलीजवळ बसून होती. भाकऱ्या भागिरथी थापत होती.

"तुमी एवढं सोडलं ननंदबाई, मले तं लाज वाटते," प्रेमाबाई म्हणाली. तिच्या आवाजात लाजेचं नाव नव्हतं. "पन खरं सांगू? तूप-दूध सोडून मानूस सस्ता होत नाही. तिखट-मीठ तं पायजेच. मिठाची तं नागपुरात काय मारामार हाय, तुमाले काय सांगू. दुकानदार पुडी अशी देते जसा अंगारा."

भागिरथीने तव्यावरची भाकरी उलटली. प्रेमाबाईचं बोलणं अजून संपलं नव्हतं, पण भागिरथीला जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. आता एवढं एकच राहिलं, असं तिला वाटलं. हे एक सोडलं की कोणाला बोलायला जागा राहणार नाही. मग सोनीच्या शेजारी अंथरूण, सकाळी तिच्या वेण्या, आणि चुलीवर पातोडी. आपण नाही खाल्ली तरी करता येईल, तिला खाताना पाहता येईल.

मीठ सोडणं म्हणजे गंमत नव्हे. तूप सोडलेले पुष्कळ असतात. मिठाचा यम घेतलेली बाई कारंज्यात तेव्हा एकही नव्हती. मंदिरातल्या म्हाताऱ्या पंडितजींनी तिला दोनदा विचारलं, "बाई, नियम घ्या. वर्षाचा घ्या. शरीर आहे." भागिरथी म्हणाली, "मरेपर्यंत." त्यांनी डोळे मिटून मंत्र म्हटला.

त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा अळणी भाकरी खाल्ली. घशाखाली उतरेना. पाण्याच्या घोटाबरोबर गिळली. ओसरीवर भाऊ बोलत होते, आणि आज त्यांच्या बोलण्यात भांडण नव्हतं. तिला वाटलं, जमलं.

"जिजी, बाहेर या," कैलासचंदने हाक मारली. "बसा."

ती दाराशी बसली.

"आमी दोघांनी विचार केला," शिखरचंद म्हणाला. "तुमाले आता लागते काय? मूठभर जवारी, चिमूटभर मिरची. तूप नाही, दूध नाही, मीठ नाही. एवढं तं चिमनीबी खाते."

"हो," भागिरथी म्हणाली. ती हसलीसुद्धा.

"मंग एवढ्यासाठी तुमाले नागपूर-मुंबईच्या धुरात काहून न्यावं? मूठभर जवारी कारंज्यात सगळ्यात सस्ती. विहीर इथं, मंदिर इथं. जातं कुठं हलवाची गरज नाही."

"मंदिराच्या धर्मशाळेत मागची खोली हाय," कैलासचंद म्हणाला. "मी पंचांले विचारून आलो. ते तं खूश झाले. म्हने, अशी त्यागी बाई आमच्या धर्मशाळेत राह्यली तं आमचंच भाग्य. भाडं नाही. जवारीपुरतं आमी दोघं अर्धं अर्धं पाठवू."

भागिरथीने एकदा एकाकडे पाहिलं, एकदा दुसऱ्याकडे. दोघांचे चेहरे मोकळे झाले होते, ताप उतरल्यावर होतात तसे. ताप उतरला की लहानपणी दोघे असेच दिसायचे आणि खायला मागायचे.

"सोनी?" ती म्हणाली.

"सोनी येईन ना सुट्टीत," प्रेमाबाई आतून म्हणाली. "तुमच्यासारख्या पुण्यवान आत्याजवळ नाही येईन तं कुठं जाईन?"

तीन दिवसांनी मूर्तिजापूरला जाणाऱ्या लहान आगगाडीत सगळे चढले. या वेळी सोनीची बोटं सोडवावी लागली नाहीत. तिला खिडकीजवळची जागा मिळाली होती.

धर्मशाळेची मागची खोली अंधारी होती, पण कोरडी होती. भागिरथीने जातं मांडलं, चूल मांडली. अर्धं अर्धं पहिल्या वर्षी आलं. दुसऱ्या वर्षी शिखरचंदने कळवलं की नागपूर मुंबईपेक्षा स्वस्त आहे, तेव्हा कैलासने थोडं जास्त पाठवावं. कैलासचंदने कळवलं की मुंबईत पगार नागपूरपेक्षा मोठे आहेत, तेव्हा शिखरचंदने थोडं जास्त पाठवावं. त्यानंतर दोघांचंही येणं बंद झालं. भागिरथी लोकांची दळणं दळू लागली. दळायला आलेल्या बायका आधी तिच्या पायाला हात लावायच्या आणि मग पीठ तोलून घ्यायच्या.

लढाई संपली. राज्य बदललं. सुट्टीत सोनी एकदाही आली नाही. गोजराबाई मात्र रोज दारावरून जाताना म्हणायची, "भागूबाई, अजून यम हाय काय?" आणि भागिरथी म्हणायची, "जिवंत हावो ना."

मिठाच्या यमाला सहा वर्षं झाली, तेव्हा सोनीचं लग्न ठरलं. मुलगा कारंज्याचा, कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरातला. लग्नही कारंज्यातच करायचं ठरलं. नागपुरात मांडव घालायचा म्हणजे स्वतःला लुटून घ्यायचं, असं कैलासचंदने सर्वांना सांगितलं. धर्मशाळा फुकट होती.

भागिरथीने निरोप पाठवला की सोनीचं केळवण माझ्याकडे. चार दिवस तिने दळणाचे पैसे बाजूला ठेवले. बेसन घरी दळलं, तेल आणलं, आणि सहा वर्षांनी खोलीत मिठाची पुडी आणली. पुडी उघडताना तिचा हात थांबला. मग तिने मीठ चिमटीत धरलं आणि रश्श्यात टाकलं.

मीठ किती टाकायचं हे पूर्वी तिच्या बोटांना कळायचं. आता बोटं विसरली होती. पडलं ते कमी वाटलं म्हणून आणखी टाकलं. वड्या थापेपर्यंत तिला आठवेना की दुसऱ्यांदा टाकलं की टाकायचं राहिलं. तिने पळीने रस्सा ढवळला, वास घेतला. मिठाला वास नसतो. चाखता येत नव्हतं, दुसऱ्या कोणाला चाखायला दिलं तर पाहुण्यांसाठीचं अन्न उष्टं झालं असतं. बाहेर त्यांचे आवाज आले. सोनीला अळणी वाढायचं की काय, या भीतीने तिने आणखी एक मूठ टाकली.

सोनी आत आली. उंच झाली होती, अंगावर नवं नागपुरी लुगडं. तिने आत्याला नमस्कार केला, जसा पोहरादेवीच्या यात्रेला जाणारे वाटेवरच्या देवळाला करतात, चालता चालता. मागून कैलासचंद, प्रेमाबाई. भागिरथीने ताट वाढलं आणि समोर बसली. ज्यासाठी सगळं सोडलं ते आता तिच्या पुढ्यात पाटावर बसलं होतं.

सोनीने घास घेतला. तिचे गाल आत गेले. तिने घास तोंडातच धरला, मग मान वळवून तळहातावर काढला.

"आत्या, खारट जहर!"

प्रेमाबाईने बोटाने रस्सा चाखला आणि तोंडाला पदर लावला. "अगं, सहा वर्षांची मिठाची भूक! सारी एकाच पातेल्यात ओतली ननंदबाईनं!"

कैलासचंद पोट धरून हसला. "जिजी, नागपुरात एवढ्या मिठात माह्यं घर वर्षभर चालते!"

सोनी पण हसली. वाईट मनाने नव्हे; सगळे हसत होते म्हणून. तिने पाण्याचा घोट घेतला, ताटातली नुसती भाकरी थोडी मोडून खाल्ली आणि उठली. दुसऱ्या केळवणाला उशीर होत होता. जाताना कैलासचंद दारातल्या पंचांना सांगत होता की आमच्या जिजीने अजून मिठाला जीभ लावली नाही, अशी बाई वऱ्हाडात सापडायची नाही.

भागिरथी भरलेलं पातेलं घेऊन मागच्या पडवीत आली. गोजराबाईच्या म्हशीलाही ते चाललं नसतं. तिने खड्डा केला, पातोडी त्यात ओतली आणि माती लोटली. मग पातेलं घासायला बसली. पाणी उडेल आणि ओठाला लागेल म्हणून तिने तोंड एका बाजूला वळवलं होतं.

घासता घासता तिचे डोळे भरून आले. पाणी गालावरून खाली उतरलं, ओठांच्या कोपऱ्याशी आलं. भागिरथीने घाईघाईने पदर लावला आणि ते तिथंच पुसून टाकलं. तेही खारटच असतं.